डेल्फ्टच्या वेशी व त्यांचीं प्रतिबिंबें

जुन्या चित्रास इतिहासाचें साधन मानावें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाहीं. दप्तरांतील अस्सल पत्र आणि मागाहून लिहिलेली बखर यांतील भेद राजवाड्यांच्या काळापासून आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. परंतु चित्रास यांपैकीं कोणत्या पंक्तीस बसवावें? या विचारास हॉलंडांतील योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५) याचें 'डेल्फ्टचा देखावा' हें तैलचित्र आम्हांस फार सोयीचें वाटतें.

सुमारें १६६०–६१ सालचें हें चित्र हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयांत आहे. त्यांत बंदराच्या पाण्यापलीकडे व्हर्मीरचें जन्मगांव डेल्फ्ट दक्षिणेकडून दिसतें. मध्यभागीं स्खीडामची वेस, उजव्या हातास जोडमनोऱ्यांची रॉटरडॅमची वेस आणि मागें उन्हांत उजळलेला नव्या चर्चचा मनोरा. डच स्वातंत्र्ययुद्धाचा पुढारी विल्यम याचा १५८४ सालीं याच शहरांत खून झाला व त्याची समाधि याच चर्चमध्यें आहे.

वीट आणि पाणी रंगविण्याच्या रीति अगदीं भिन्न. वीट प्रकाश अडवून धरते, पाणी तो परत करतें. व्हर्मीरनें कौलांच्या रंगांत खरखरीत कण राहूं दिले. त्यामुळें छपरें हातानें चाचपून पाहावींशीं वाटतात. भिंती रंगवितांना एकेक वीट न मोजतां बारीक ठिपक्यांनीं जुन्या बांधकामाचा भास उत्पन्न केला. पाणी मात्र सपाट व गुळगुळीत ठेविलें, आणि प्रतिबिंबांच्या कडा मऊ केल्या. तैलरंग सावकाश वाळतो, म्हणून एक छटा दुसरींत अशी विरवितां येते.

येथवर चित्रकार विश्वासू साक्षीदार वाटतो. परंतु क्ष-किरणांच्या तपासणींत असें दिसून आलें कीं, रॉटरडॅम वेशीच्या मनोऱ्यांचें प्रतिबिंब त्यानें प्रथम रेखीव काढलें होतें व मागाहून तें चित्राच्या खालच्या कडेपर्यंत लांबविलें. म्हणजे साक्षीदारानें आपली जबानी सुधारून लिहिली! शहर व पाणी एकजीव व्हावें, एवढ्यासाठीं हा फेरफार झाला असावा असें आम्हांस वाटतें.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. १२ ऑक्टोबर १६५४ रोजीं डेल्फ्टमधील दारूचें कोठार उडालें आणि शहराचा ईशान्य भाग जमीनदोस्त झाला. मृतांत कारेल फाब्रित्सियुस हा गुणी चित्रकारही होता. एग्बर्ट व्हान डर पूल यानें तें उद्ध्वस्त शहर पुनःपुन्हां रंगविलें. व्हर्मीरच्या चित्रांत त्या संहाराची खूण नाहीं. दक्षिणेकडून तो भाग दिसावयाचा नाहीं, हें खरें. पण कोठें उभें राहावें हें ठरविणें चित्रकाराच्याच हातीं होतें. त्याचा हेतु चित्र सांगत नाहीं; इतिहासकारानें तो आपल्या पदरचा घालूं नये.

तर मग या साधनाची किंमत काय? वेशीचीं मापें हवीं असतील तर नकाशे पाहावे. परंतु त्या विटांवर सकाळचें ऊन कसें पडे, त्यांची छाया पाण्यांत कशी उतरे, हें नकाशा सांगूं शकत नाहीं. तेवढ्यापुरतें हें चित्र अस्सल कागदाच्या तोडीचें आहे.

आणि तो एकच कागद आतां उरला आहे. १८२२ सालीं डच सरकारनें २,९०० गिल्डर देऊन हें चित्र राष्ट्रासाठीं विकत घेतलें. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आंत या दोन्ही वेशी पाडण्यांत आल्या. जुन्या वेशींपैकीं पूर्वेची तेवढी शिल्लक आहे. जें राष्ट्र वेशींच्या प्रतिबिंबास पैसे मोजतें, तेंच मूळ वेशी ढासळूं देतें, हा विरोध केवळ डच लोकांपुरता आहे असें समजून आपण निश्चिंत होऊं नये. चित्र जपलें म्हणजे वास्तु जपली असें होत नाहीं.