कौटुंबिक हिंसा आणि मानवी तस्करी

घरातील छळ आणि माणसांची खरेदीविक्री यांचा परस्परसंबंध. तो दुहेरी आहे. मारहाण, उपासमार किंवा दारुड्या नवऱ्याचा जाच सहन न होऊन घर सोडणाऱ्या बाईला दलाल गाठतो आणि काम, आसरा वा दुसऱ्या लग्नाचे आमिष दाखवतो. हा दलाल पुष्कळदा ओळखीचाच असतो. कधी विकणाराच घरातला असतो : नवरा, सावत्र बाप, नात्यातली मावशी. आसाम, बंगाल, झारखंडमधून पैसे मोजून हरियाणात आणलेल्या वधूंना तिकडे ‘पारो’ किंवा ‘मोलकी’ म्हणतात. त्यांच्या वाट्याला लग्न, फुकटची राबणूक आणि मार एकाच छपराखाली येतो.

कायद्याने मात्र दोन कप्पे केले. 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण, निवास व पोटगीसारखी मदत मिळते. 1956चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा देहविक्रयापुरता आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 143 (पूर्वीचे भादंवि 370) दोहोंना जोडू शकते. बाई ज्याच्या ताब्यात आहे त्याला पैसे देऊन त्याची संमती मिळवणे हेही तस्करीचे साधन मानले आहे आणि बाईची स्वतःची संमती गैरलागू ठरवली आहे. विकणाऱ्या नवऱ्याला या कलमात पळवाट नाही. पोलीस ठाण्यात ‘घरगुती भांडण’ अशी नोंद झाली, तर कलमच लागत नाही.

सर्वांत नाजूक टप्पा सुटकेनंतरचा. 1956च्या कायद्यानुसार दंडाधिकाऱ्याने आईवडील, पालक वा नवरा सांभाळण्यास योग्य आहे का, हे तपासायचे असते. ही चौकशी कागदोपत्री उरकली, की मुलगी विकणाऱ्याच्याच हवाली होते. उलट टोकाला, सज्ञान स्त्रियांना मनाविरुद्ध संरक्षणगृहात डांबले जाते. मे 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अशी गृहे पाहून या स्त्रियांच्या सुटकेचा विचार करण्यास सांगितले.

मदतीचे दोन जुने नमुने मुंबईतले. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984मध्ये पोलीस आयुक्तालयातच विशेष कक्ष सुरू करून समाजकार्यकर्त्या बसवल्या. ‘प्रेरणा’ या संस्थेने 1988मध्ये कामाठीपुऱ्यात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी रात्रनिवारा काढला. पुढची पिढी त्याच धंद्यात ओढली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. समुपदेशन हवेच, पण स्वतःच्या नावाचे बँकखाते, ओळखपत्र आणि भाड्याची का होईना खोली हाती नसेल, तर बाईला परतीचीच वाट उरते.

महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098 हे मदत क्रमांक आहेत. पीडितेला फोन करण्यापूर्वी तो कोणाच्या हाती असतो, याची खात्री करून घ्यावी.