कीटकवाहित रोगांचे गणित व लिंबूवर्गीय फळबागा
संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू इ. झाडांत कीटकांमार्फत पसरणाऱ्या रोगांची वाढ समीकरणांनी मांडण्याची पद्धत मानवी साथरोगांच्या अभ्यासातून उदयास आली. त्या अभ्यासाचे दोन प्रमुख दुवे भारताशी निगडित आहेत.

रॉनल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी आढळले. सर्व डास नष्ट न करता त्यांची संख्या विशिष्ट मर्यादेखाली आणली, तरी रोग ओसरतो, हे त्यांनी पुढे गणिताने दाखविले. १९२७ मध्ये कर्मॅक व मकेंड्रिक यांनी आपले समीकरण मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगमधील मृत्यूंच्या आकड्यांशी ताडून पाहिले. मकेंड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेत होते. प्लेग पिसवांमुळे पसरत असला, तरी या मांडणीत पिसू व उंदीर यांना स्वतंत्र स्थान नव्हते. वनस्पतिरोगांच्या साथींना गणिताची व्यवस्थित बैठक व्हॅन डर प्लँक यांच्या १९६३ मधील ग्रंथाने मिळाली.

लिंबूवर्गीय झाडांत ट्रिस्टेझा हा विषाणुरोग मावा पसरवितो, तर ग्रीनिंग हा रोग सिट्रस सिल्ला या किडीमुळे पसरतो. ग्रीनिंगचा प्रसार भारतात ही कीड करते, हे पुण्यात वनस्पतींच्या विषाणूंवर काम करणारे एस्. पी. कपूर व त्यांचे सहकारी यांनी १९६७ मध्ये सिद्ध केले. रोगकारक प्रथम विषाणू मानला गेला; तो जीवाणू असल्याचे नंतर स्पष्ट झाले.

झाडाचे गणित माणसाच्या गणिताहून वेगळे आहे. रोगी माणूस बरा होऊ शकतो. ग्रीनिंगग्रस्त झाड बरे होत नाही, ते उपटेपर्यंत संसर्गाचे केंद्र राहते. शिवाय लागण व लक्षणे यांत कित्येक महिने, प्रसंगी वर्षेही जातात. सिल्ला केवळ कोवळ्या नवतीवर अंडी घालते. त्यामुळे झाडामागे किडींची संख्या, त्यांचे आयुष्य व नवतीचा काळ ही समीकरणातील निर्णायक पदे ठरतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार, लागण झालेली नवती सु. पंधरा दिवसांत, म्हणजे झाड निरोगी दिसत असतानाच, नव्या किडींना संसर्ग देऊ शकते.

या निष्कर्षाचे महत्त्व हिंगोलीसारख्या जिल्ह्यात सहज लक्षात येते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा मराठवाड्याच्या मोसंबीच्या पट्ट्यालगत असून उत्तरेस व पूर्वेस संत्रा पिकविणाऱ्या विदर्भाला भिडतो. आंबिया, मृग व हस्त या बहारांबरोबर नवती फुटते. तेव्हाच किडीवर लक्ष ठेवावे लागते. पिवळी पडलेली झाडे तेवढी तोडणाऱ्या शेतकऱ्याला समीकरण सांगते, की रोग त्याआधीच शेजारच्या झाडांत गेलेला असतो. अनेक वर्षे जोपासलेले फळते झाड तोडण्याचा निर्णय अवघड असतो, आणि एकाने तो घेऊन शेजाऱ्याने न घेतल्यास निष्फळ ठरतो. म्हणून रोगमुक्त मातृवृक्षांच्या डोळ्यांपासून केलेली कलमे, नवतीच्या वेळचे कीडनियंत्रण व संपूर्ण शिवाराने एकत्रितपणे केलेली उपाययोजना हेच मार्ग गणिताच्या कसोटीस उतरतात. रॉस यांचा मर्यादेचा सिद्धांत येथेही लागू पडतो : कीड समूळ नाहीशी झाली नाही, तरी ती पुरेशी कमी झाल्यास बाग टिकते.