लिओ स्टर्नबाख
लिओ हेन्रिक स्टर्नबाख (७ मे १९०८ – २८ सप्टेंबर २००५) हे पोलिश-ज्यू वंशाचे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ होते. चिंताविकार, निद्रानाश व अपस्मार यांवर वापरल्या जाणाऱ्या बेंझोडायझेपिन या औषधवर्गाचे ते जनक मानले जातात. त्यांच्या नावावर २४१ पेटंटे (एकस्वे) होती.

जीवन
त्यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील (सध्याचे क्रोएशिया) ओपातिया येथे झाला. क्राकूव्ह येथील यागिएलोनियन विद्यापीठातून त्यांनी १९३१ मध्ये सेंद्रिय रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९४० मध्ये ते स्वित्झर्लंडमधील हॉफमन-ला रोश या कंपनीत रुजू झाले. युरोपातील नाझी संकटामुळे कंपनीने १९४१ मध्ये त्यांना अमेरिकेत पाठवले. न्यू जर्सीतील नटली येथील प्रयोगशाळा ही पुढे त्यांची कर्मभूमी ठरली.

शोध
नवे शामक औषध शोधताना त्यांनी क्राकूव्हमध्ये अभ्यासलेल्या संयुगांचा पुन्हा विचार केला; परंतु चाचण्या निष्फळ ठरल्याने ते काम थांबले. १९५७ मध्ये प्रयोगशाळेची आवराआवर करताना सहकारी अर्ल रीडर यांना चाचणी न झालेले एक संयुग आढळले. प्राण्यांवरील प्रयोगांत ते प्रभावी शामक ठरले. मेथिल अमाइनशी झालेल्या अभिक्रियेत त्यातील सहा अणूंचे वलय विस्तारून सात अणूंचे झाले होते, हे नंतर उलगडले. हेच क्लोरडायझेपॉक्साइड होय.

पेटंटे व औषधे
या संयुगाला १९५९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले आणि १९६० मध्ये ते 'लिब्रियम' या नावाने विक्रीस आले. १९६३ मध्ये डायझेपाम ('व्हॅलियम') आले. नायट्राझेपाम व फ्लुराझेपाम ही निद्राजनक, तर क्लोनाझेपाम हे अपस्मारविरोधी औषधही त्यांच्याच कार्यातून पुढे आले. संशोधक म्हणून पेटंटावर स्टर्नबाख यांचे नाव असले, तरी मालकी कंपनीची असे. हक्क हस्तांतरित करण्याबद्दल त्यांना प्रत्येक पेटंटामागे नाममात्र एक डॉलर मिळे. व्हॅलियम मात्र १९६९ ते १९८२ या काळात अमेरिकेत सर्वाधिक लिहून दिले जाणारे औषध होते. १९८५ मध्ये पेटंटाची मुदत संपल्यावर इतर उत्पादकांचे डायझेपाम तेथे उपलब्ध झाले.

परिणाम
ही औषधे मेंदूतील 'गॅबा' या चेतासंदेशवाहकाचा शामक परिणाम वाढवतात. पूर्वीच्या बार्बिट्युरेट औषधांपेक्षा ती अधिक सुरक्षित असली, तरी दीर्घकाळ घेतल्यास त्यांचे अवलंबित्व जडू शकते. ती एकाएकी बंद केल्यास झटके येण्याचा धोका असतो. म्हणून मात्रा वैद्यकीय सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते.

सन्मान
२००५ मध्ये अमेरिकेच्या 'नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातील चॅपल हिल येथे त्यांचे निधन झाले.