चेहरा हरवलेली राणी

इजिप्त देशांतील मेदूम येथें १८७१ सालीं एका थडग्यांत राजपुत्र राहोतेप व त्याची पत्नी नोफ्रेत यांचे चुनखडीचे रंगीत पुतळे सांपडले. नोफ्रेतच्या मस्तकावर खांद्यापर्यंत रुळणारा जाड केशटोप आहे. त्यावर फुलें चितारलेली पट्टी आहे. आणि टोपाच्या कडेखालीं, कपाळावर, तिचे स्वतःचे केस मधोमध भांग पाडून चापून बसविलेले दिसतात. त्या देशांत केशटोप हा केवळ नखरा नव्हता. मानवी केसांच्या बटा मेण व राळ लावून गुंफीत, आणि टोपावरून धारण करणाराचा दर्जा ओळखूं येई. शिल्पकारानें दर्जा तर दाखविलाच, पण त्याखालची स्त्रीही दाखविली. म्हणूनच साडेचार हजार वर्षांनंतरही नोफ्रेत ओळखीची वाटते.

महाराष्ट्रांत राजस्त्रीची अशी प्रतिमा होती काय? होती. जुन्नरजवळ नाणेघाटांतील लेण्याच्या मागील भिंतीवर सातवाहन राजकुलाच्या पुतळ्यांची रांगच होती. प्रत्येकाच्या वर नांव कोरलेलें असून, सिमुक सातवाहनानंतर देवी नायनिका व राजा सातकर्णि यांचीं नांवें येतात. बाजूच्या भिंतींवरील दीर्घ लेखांत यज्ञ आणि दक्षिणेंत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांची मोजदाद आहे. पुतळे मात्र नष्ट झाले. पायांचे अवशेष तेवढे उरले. राणीचें नांव राहिलें, पण ती केस कसे बांधीत असे, हें सांगणारें मस्तक राहिलें नाहीं.

बोरिवलीजवळच्या कान्हेरीस याच्या उलट प्रकार आहे. व्यापारी बंधूंनीं करविलेल्या तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्रीपुरुषांचीं भव्य युगुलें आहेत. पुरुषांचीं भरदार पागोटीं, स्त्रियांचे शिरोभूषण व पायांतील जड वाळे शिल्पकारानें मनापासून कोरले आहेत. कांहीं अभ्यासक हीं दात्यांचीं चित्रणें मानतात, कांहीं केवळ मंगल मिथुनें. रूप आहे, नांव नाहीं.

आणि त्याच डोंगरांत पाण्याच्या एका पोढीवर संस्कृत लेख आहे. त्यांत वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ती कार्दमक राजवंशांतील, एका महाक्षत्रपाची कन्या. पित्याच्या नांवाचें ‘रु’ एवढेंच आद्याक्षर वाचतां येतें. बहुतेक विद्वान तो रुद्रदामन् समजतात. जुनागडच्या लेखांत रुद्रदामन् सांगतो कीं, दक्षिणापथपति सातकर्णीस दोनदां जिंकूनही निकट संबंधामुळें त्यानें त्याचा उच्छेद केला नाहीं. तो संबंध या कन्येच्या विवाहाचाच असावा, असा तर्क आहे.

तसें असेल, तर जिच्या नात्यानें एक राज्य वांचलें, तिचें नांव त्या फुटक्या लेखांत उरलेलें नाहीं, आणि तिची मूर्तिही कोठें ज्ञात नाहीं. पोढी दान देणारा अमात्य शतेरक मात्र नांवानिशीं ठाऊक आहे. नोफ्रेतच्या कपाळावरचे केस दिसतात. कान्हेरीच्या राणीची ओळख पित्यावरून, पतीवरून आणि पाण्याच्या एका टाक्यावरून करून घ्यावी लागते.