उतरती मात्रा : प्रस्तावना

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचले आणि काही दिवसांतच ती उठून चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळाले. तोवर औषधाची दुसरी बाजूही दिसली होती. थांबवले की दुखणे उसळून परत येई. चालू ठेवले की चेहरा सुजे, साखर वाढे, मन बिघडे. किती द्यायचे आणि कसे उतरवायचे हा या औषधाबाबतचा तेव्हापासूनचा कळीचा प्रश्न आहे. नांदेड-लातूरच्या फॅमिली डॉक्टरांनी, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आणि निवासी डॉक्टरांनी या प्रश्नाला आपला मानावे, यासाठी हे पुस्तक आहे.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ साली घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. तीत दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एक आमवाताचा रुग्ण आढळला. त्या हिशेबाने मुखेड किंवा औसा तालुक्यातल्या कोणत्याही मोठ्या गावात असे रुग्ण असणारच, आणि त्यांत बायका जास्त. सकाळी मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही, आणि सोयाबीनची काढणी तर तोंडावर आलेली असते. मोठ्या डॉक्टरसाठी पुणे, सोलापूर किंवा हैदराबाद गाठायचे म्हणजे रोज बुडतो. मग गावातच सुई घेतली जाते, मेडिकलवरून बेटनेसॉल येते, नाहीतर नाव नसलेल्या पांढऱ्या गोळ्यांची पुडी येते. तिच्यात स्टेरॉइड असेल तर दोन दिवसांत बाई शेतात जाते. तिला दोष देण्याचे कारण मला दिसत नाही. आराम कसा मिळतो हे तिला कळले आहे. गोळी कशी सोडायची हे तिला कोणी सांगितलेले नाही.

बेटनेसॉलची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दिसायला चिमुकली, पण ती प्रेडनिसोलोनच्या सुमारे चार मिलिग्रॅमइतकी भरते. दिवसाला सहा घेणारी बाई पंचवीस मिलिग्रॅमवर आहे, आणि हे तिला तर नाहीच, पुष्कळदा तिच्या डॉक्टरलाही ठाऊक नसते. म्हणून पुडी, पाकीट, जुनी चिठ्ठी, जे असेल ते टेबलावर मांडून आधी बेरीज करावी. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी रोज साधारण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचे कॉर्टिसॉल तयार करतात. बाहेरून तीन आठवड्यांहून अधिक काळ जास्त मात्रा मिळाली की त्या मंदावतात. अशा वेळी गोळी एकदम तोडली तर उलट्या, गळून जाणे, रक्तदाब उतरणे हे सगळे येते. त्यात ताप किंवा ऑपरेशन आले तर जिवावर बेतू शकते.

आमवाताच्या उसळीत मिथोट्रेक्सेटसारखे मूळ औषध लागू पडायला सहा ते बारा आठवडे जातात. स्टेरॉइड तेवढ्या काळापुरते. उदाहरण घ्यायचे तर प्रेडनिसोलोन १५ मिलिग्रॅम सकाळी न्याहारीनंतर, दर दोन आठवड्यांनी अडीच मिलिग्रॅम कमी. बारा आठवडे सरले की शून्य. पाचची गोळी अर्धी होते, त्यामुळे सहाही पायऱ्या जमतात. त्या पहिल्याच दिवशी तारखांसह चिठ्ठीवर लिहाव्यात, आणि मिथोट्रेक्सेटचा आठवड्यातला एकच वारही तिथेच ठळक लिहावा. ‘हळूहळू कमी करा’ एवढेच लिहून रुग्णाला गावी पाठवणे मला मान्य नाही. अर्थात हा हिशेब सगळीकडे चालत नाही. दम्याच्या झटक्यात पाच-सात दिवस देऊन थेट थांबवता येते. ल्यूपसने मूत्रपिंड धरले असेल तर मात्रा फार मोठी लागते आणि तिथे तज्ज्ञच हवा.

मात्रा वाढवण्याआधी ही खरोखर उसळी आहे का, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. २००६ मध्ये तो महाराष्ट्रात पुन्हा पसरला. चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्महिने आमवातासारखे दुखू शकतात. एकच गुडघा लाल होऊन फुगला असेल तर आत पू असू शकतो. बारीक ताप आणि खोकला असेल तर क्षय शोधल्याशिवाय मात्रा चढवू नये. उतरणीत पाचच्या खाली आल्यावर अंग दुखते, पण सांधा सुजलेला नसतो. तिथे दोन-चार आठवडे आहे त्याच पायरीवर थांबले की बहुधा भागते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेमिरा’ चाचणीत जैविक औषधावर स्थिर असलेल्या रुग्णांची पाच मिलिग्रॅमची गोळी हळूहळू बंद केली, तेव्हा सुमारे ६५ टक्के रुग्ण उसळीविना तरले.

हे सगळे खेड्यात कसे जमणार, असे विचारले जाते. कुष्ठरोगाच्या रिॲक्शनमध्ये हेच काम आपल्या आरोग्य केंद्रांना शिकवलेले आहे: प्रेडनिसोलोन ४०, मग ३०, २०, १५, १०, ५, प्रत्येकी दोन आठवडे, आणि दर भेटीला हातापायांची संवेदना व ताकद तपासून नोंद. तज्ज्ञ दूर असतानाही, छापील तक्त्याच्या आधाराने, हातांच्या नसा वाचवण्याचे काम यातून झाले आहे. सांध्यांसाठी तशीच शिस्त का नसावी? शिस्त नसली की काय होते, तेही आपण पाहिले आहे: करोनाच्या दुसऱ्या लाटेत मधुमेही रुग्णांना स्टेरॉइड बेहिशेबी दिले गेले आणि २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने राज्यभर डोळे आणि जबडे गेले. मराठवाड्यानेही ते सोसले.

पुस्तकाची पहिली प्रकरणे शरीरक्रियेची आहेत, मधली आजारवार. शेवटचे प्रकरण रुग्णाच्या पिशवीत राहील अशा कार्डाचे आहे: गोळीचे नाव, आजची मात्रा, पुढच्या तारखा, आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायची सूचना. ज्यांच्या ओपीडीत गर्दी आहे त्यांनी तिथूनच वाचायला घ्यावे.