मागे न सरकणारा पडदा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त आमच्या कन्येचं. परवा तिला जुना मारिओ लावून दिला, 1985 चा, पहिलावहिला. पहिल्याच स्टेजमध्ये एक नाण्याचा ठोकळा तिच्याकडून मागे राहिला. तो घ्यायला ती डावीकडे पळाली आणि पडद्याच्या कडेला थडकली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा थडक. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, हा मागे का जात नाही?"

मंडळी, हाच प्रश्न मी 1994 च्या मे महिन्यात दादाला विचारला होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. सांगलीला काकांकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता आणि सुट्टीत आम्ही त्याला चिकटलेले असायचो. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. दोघांनी खेळायचं म्हणजे दादाचा मारिओ मेल्याशिवाय माझ्या लुइजीची पाळी नाही. आणि दादा काही लवकर मरायचा नाही! तर माझ्या प्रश्नावर तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "मागे काय ठेवलंय? चल पुढे."

तेव्हा ते उत्तर भारी वाटलं होतं. पण ते बरोबर नव्हतं. खरं उत्तर शोधताना या खेळांचा थोडा इतिहास वाचावा लागला, तो इथे सांगतो.

सुरुवातीला मागे-पुढे हा प्रश्नच नव्हता. 1981 च्या डाँकी काँगमध्ये एक स्टेज म्हणजे एक पडदा. अशा चार स्टेज. शिड्या, पिंपं, वर बसलेलं माकड, सगळं एकदम समोर दिसायचं. जग टीव्हीच्या काचेएवढंच.

1982 मध्ये डेव्हिड क्रेनचा पिटफॉल आला. तो अटारी 2600 वर चालायचा. त्या यंत्राची कामाची मेमरी फक्त 128 बाइट, कॅसेट 4 किलोबाइटची, आणि जंगल मात्र 255 पडद्यांचं! हे कसं बसवलं? तर क्रेननं जंगल साठवलंच नाही. प्रत्येक पडद्याला एक आकडा. त्या आकड्याचे बिट एका नियमानं सरकवले की उजवीकडच्या पडद्याचा आकडा मिळायचा, नियम उलटा लावला की डावीकडच्या. त्या आकड्यावरूनच झाडं, खड्डे, खजिना ठरायचे. त्यामुळे पिटफॉलमध्ये दोन्ही दिशांना मनसोक्त पळता यायचं. तिथे मागचं लक्षात ठेवायची गरजच नव्हती, हवं तेव्हा गणित मांडून पुन्हा उभं करता यायचं.

पण गणितातून निघालेलं जंगल सगळीकडे सारखंच वाटतं. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांना मारिओत तसं नको होतं. त्यांनी स्टेज आलेखाच्या कागदावर हातानं आखल्या, एकेक चौकोन विचार करून. पहिलीच स्टेज बघा. दोनशेच्या वर ठोकळे लांब, म्हणजे साधारण तेरा पडदे. त्यात आधी दोन जिने येतात, मधे जमीन असते. उडी चुकली तरी काही बिघडत नाही. मग लगेच तसेच दोन जिने, पण मधे खड्डा. कुणी काही न सांगता पोरगं उडी मारायला शिकतं. आमची कन्याही शिकली.

हे सगळं बसवायचं होतं 40 किलोबाइटच्या कॅसेटमध्ये. म्हणून काटकसर. ढग आणि झुडूप हे एकच चित्र, रंग तेवढा वेगळा. 8 दुनिया गुणिले 4, अशा 32 स्टेजपैकी पाच तर आधीच्याच, थोड्या अवघड करून पुन्हा आलेल्या. 1-3 च 5-3 म्हणून येते. हे मला तेव्हाच कळलं होतं, कारण मी गणिताच्या वहीतल्या आलेखाच्या पानांवर नकाशे काढायचो (त्याबद्दल काकूचा मारही खाल्लाय). दादाला सांगितलं तर तो हसला. तो 4-2 मधल्या चोरवाटेनं थेट आठव्या दुनियेत जाणारा माणूस, पाचवी त्यानं पाहिली कुठे होती!

आता कन्येचा प्रश्न. त्या यंत्राची कामाची मेमरी 2 किलोबाइट. युनिकोडमधला हा लेख त्यात भरायला घेतला तर दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदातच जागा संपेल. त्यातही स्टेजच्या वाट्याला आलेली जागा दोन पडद्यांपुरती: 16 ठोकळे रुंद, 13 ठोकळे उंच, असे दोन, एकूण 416 ठोकळे. मारिओ पुढे जातो तसा पुढचा भाग त्या जागेत लिहिला जातो, आणि तो लिहिला जातो मागच्या भागावरच. म्हणजे मागे 'काही ठेवलेलं नाही' हे खरंच. कुठली वीट फोडली, कुठलं नाणं घेतलं, याचा यंत्राला पत्ताच नाही. मागे जाऊ दिलं असतं तर फोडलेल्या विटा पुन्हा जागच्या जागी दिसल्या असत्या.

1988 मध्ये मारिओ 3 आला. त्याच्या कॅसेटमध्येच 8 किलोबाइट जादा मेमरी बसवलेली होती. त्यात 6480 ठोकळ्यांची अख्खी स्टेज एकदम मावायची. आणि या खेळात मारिओ मागे फिरू शकतो. मागे गेलं की फोडलेली वीट फुटलेलीच असते, घेतलेलं नाणं गेलेलंच असतं. पण रस्ता असतो.

म्हणजे मागे जायला धाडस नव्हे, जागा लागते. झालेलं सगळं, मोडतोडीसकट, लक्षात ठेवायची जागा.

आता जरा घरचं. सांगलीच्या घरावरून आमच्यात जे झालं ते नातेवाईक मंडळींना ठाऊक आहे, बाकीच्यांना त्यात रस नसावा. नऊ वर्षं झाली. त्या दिवशी अंगणात जे बोलायला नको होतं ते मी बोललो. त्यानंतर मी पण तेच केलं, "मागे काय ठेवलंय, चल पुढे." काकांच्या तेराव्यालाही उंबऱ्याशी उभा राहून परत आलो. ते बोलणं झालंच नाही असं म्हणणं मला जमणार नाही, आणि दादालाही जमू नये. पण विटा फुटलेल्या दिसतील म्हणून त्या रस्त्यानं फिरकायचंच नाही, हे मात्र आता पटत नाही.

दादा हे पान अधूनमधून वाचतो, असं वहिनीनं आईला सांगितलंय. तर दादा, कन्या आता 1-3 पर्यंत पोचली आहे. पुढच्या रविवारी तिला घेऊन सांगलीला येतो. आलेखाची वही सापडली आहे, तीही आणतो. 5-3 चं पान तुला दाखवायचंय.

आणि या वेळी पहिली पाळी तिची.