पाच सेकंदांचा इतिहास : आभासी यंत्रातील हॉट-प्लग आणि विलंब

प्रस्तावना :
पाचोरा-जामनेर लोहमार्गाचे माप 762 मि.मी., तर पाचोऱ्याहून जाणाऱ्या मुख्य मार्गाचे 1676 मि.मी. त्यामुळे जामनेरकडील माल पाचोऱ्यास उतरवून दुसऱ्या डब्यांत भरल्याशिवाय पुढे जात नसे. दोन व्यवस्था जेथे मिळतात तेथे विलंब उत्पन्न होतो, हा अनुभव खानदेशास नवा नाही. संगणकाच्या इतिहासातही असा एक विलंब आढळतो. तो अवघा पाच सेकंदांचा आहे. परंतु त्याची कुळकथा लक्षणीय आहे.

हॉट-प्लगची पार्श्वभूमी :
प्रत्यक्ष संगणकावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा संगणक म्हणजे आभासी यंत्र होय. आयबीएमने 1972 मध्ये जाहीर केलेल्या व्हीएम/370 या प्रणालीत चालू यंत्रास उपकरण जोडून देण्याची आज्ञा होती. लहान सर्व्हरसाठी मात्र पीसीआय हॉट-प्लगचे पहिले मानक 1997 मध्ये आले. पुढे 2001 च्या मानकात बटण व दिवा यांची कार्यपद्धती निश्चित झाली. कर्मचाऱ्याने खाचेचे बटण दाबावे, दिवा लुकलुकावा आणि पाच सेकंदांत बटण पुन्हा न दाबल्यास वीजपुरवठा बंद व्हावा, अशी ती पद्धत होती. चुकीच्या खाचेचे बटण दाबले गेल्यास सावरण्यासाठी दिलेली ही सवड होती आणि ती योग्यच होती. पीसीआय एक्सप्रेसनेही ती स्वीकारली.

आभासी यंत्रातील विलंब :
केव्हीएमचा समावेश 2007 मध्ये लिनक्स 2.6.20 मध्ये झाला. क्यूईएमयूच्या 1.4 या आवृत्तीत (2013) क्यू-35 हे यंत्ररूप आले आणि कालांतराने एक्सप्रेसच्या खाचेची हुबेहूब नक्कल उपलब्ध झाली. नक्कल इतकी प्रामाणिक की, बटणही आले! वस्तुतः येथे ना कर्मचारी, ना बोट, ना दिवा. बटण दाबते ती दुसरी आज्ञावली. तरीही उपकरण काढताना अतिथी लिनक्स ते पाच सेकंद थांबून राहते.

हा विलंब नगण्य नाही. चालू आभासी यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविण्यापूर्वी त्याला थेट दिलेले नेटवर्क कार्ड सामान्यतः काढावे लागते. तेवढा वेळ सेवा रखडू शकते. शिवाय अतिथी प्रणाली सुरू होत असताना आलेली विनंती दुर्लक्षिली जाई. आज्ञा यशस्वी झाल्याचे व्यवस्थापकास दिसे, उपकरण मात्र जागेवरच! म्हणून 1.5 आवृत्तीपासून, उपकरण खरोखर निघाल्यावरच स्वतंत्र सूचना पाठविण्याची सोय करण्यात आली.

जुन्या आय-440-एफएक्स यंत्ररूपात एसीपीआय पद्धतीने हे काम बटणाविनाच होत असे. ऑगस्ट 2021 मधील 6.1 आवृत्तीत क्यू-35 साठीही तीच पद्धत मूलभूत ठरविण्यात आली. म्हणजे नव्या यंत्ररूपाने जुन्याची वाट धरली. पाच सेकंद गेले. अतिथी प्रणालीच्या संमतीची अट मात्र राहिली, कारण डिस्कवर लेखन चालू असता ती ओढून घेतल्यास माहितीची हानी होते.